‘गेल्या वर्षीचंच काढ’ : फायली शोधायला आणि जागेवर लावायला कीबोर्ड मॅक्रो

आमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "भाई, गेल्या वर्षीचंच काढ, तारीख तेवढी बदल." जत्रेची समिती असो, चवथीचं सार्वजनिक मंडळ असो की उत्सवातल्या नाटकाचं हँडबिल असो, वाक्य तेच. गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीत बसून मोबाइल बघत असतो आणि आपण पडद्यावर ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल नवीन करेक्शन’ या चार भावंडांकडे बघत बसतो. खरी कुठली ते चौघांनाही ठाऊक नसतं.

मी फोंड्याला छपाईच्या दुकानात डीटीपी करतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं, हॉटेलांची मेन्यू कार्डं, सगळं एकाच संगणकावर. बराच काळ फायली शोधायचं काम मी माऊसने आणि स्मरणशक्तीने करत होतो. मग स्मरणशक्ती दमली. आता हे काम बहुतेक कीबोर्डवर होतं, आणि वारंवार लागणारे बटणांचे क्रम मॅक्रोत बांधून ठेवलेले आहेत. ते कसे बांधायचे ते इथे सांगतो. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल. मलाही येत नाही.

मॅक्रो हा शब्द इथे दोन अर्थांनी येईल. एक म्हणजे लघुशब्द : तुम्ही चार अक्षरं टाइप करता आणि संगणक त्यांचा लांबलचक शोध करतो. दुसरा म्हणजे रेकॉर्ड केलेली बटणं : तुम्ही एकदा दाबून दाखवायचं, पुढे संगणक तेच शंभरदा दाबतो.

आज्ञा, बटणांची नावं आणि फायलींची नावं मी देवनागरीतच लिहितोय. टाइप करताना ती रोमनमध्ये करायची, आकडेसुद्धा रोमनच. जिथे स्पेलिंगवर अडेल तिथे अक्षरं फोडून देतो.

लागणाऱ्या गोष्टी तीनच : विंडोज १० किंवा ११, फायली शोधणारं व्हॉइडटूल्सचं ‘एव्हरीथिंग’ आणि साधा मजकूर लिहायचं ‘नोटपॅड प्लस प्लस’. शेवटची दोन्ही फुकट आहेत आणि आकाराने एवढी लहान की पावसात नेट रखडत चालत असलं तरी उतरतात.

पहिली अडचण संगणकाची नाही, गोव्याची आहे

शोधाचं कुठलंही साधन घ्या, ते तुम्ही टाइप केलेली अक्षरं शोधतं, तुमच्या मनातला गाव शोधत नाही. आणि आपल्या गावांची स्पेलिंगं म्हणजे साडेचारशे वर्षांचा गुंता. डिचोलीची फाईल एकाने बी-ने सुरू होणाऱ्या सरकारी ‘बिचोलिम’खाली ठेवली, दुसऱ्याने डी-ने सुरू होणाऱ्या ‘दिचोली’खाली, आणि युनिकोड आल्यावर तिसऱ्याने सरळ देवनागरीत. साखळी ‘सॅन्क्वेलिम’ होते, त्यात क्यू येतो. काणकोणचं ‘कानाकोना’ सी-ने सुरू होतं आणि शिवोलीचं ‘सिओलिम’ एस-ने. कवळ्याचं ‘क्वेउला’ तर असं आहे की बाहेरच्या माणसाला हे तेच गाव हे सांगूनही पटत नाही. बहुतेक नावांच्या शेवटी जो एम लटकतो तो उच्चारात नसतोच. तो पोर्तुगीजांनी अनुस्वारासाठी ठेवलेला.

म्हणून मॅक्रो बांधायच्या आधी एक वही घ्या. ज्या गावांची कामं तुमच्याकडे नेहमी येतात ती लिहा आणि प्रत्येकापुढे तुमच्याच संगणकावर सापडणारी सगळी स्पेलिंगं. माझ्याकडे एकवीस गावं निघाली. अर्धा दिवस गेला, पण पुढचं सगळं त्या पानावर उभं आहे.

काही ठिकाणी सामाईक तुकड्यावर भागतं. डिचोलीच्या दोन्ही रोमन रूपांत सी-एच-ओ-एल हे चार वर्ण येतात, म्हणजे तेवढे टाकले तरी दोन्ही सापडतात. मी हे केलं आणि पहिल्याच शोधात एका हॉटेलचं छोले-भटुऱ्याचं मेन्यू कार्ड वर आलं. फोंड्यासाठी ओ-एन-डी-ए वापरलं तर पोंडा, फोंडा सगळे येतात, पण सत्तरीतलं होंडा येतं, मोटारसायकलवालं होंडा येतं, आणि ‘मंडे ऑफर’सुद्धा येते. तुकड्यांच्या नादी फार लागू नये. पूर्ण रूपं ‘किंवा’ने जोडावीत हे बरं.

एव्हरीथिंग : लघुशब्दांचे मॅक्रो

विंडोजचा स्वतःचा शोध फायलींच्या आतही डोकावतो, म्हणून रेंगाळतो. एव्हरीथिंग फक्त नावं बघतं. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या, डिस्कवर सगळ्या फायलींच्या नोंदींचा एक तक्ता आधीच असतो, तोच ते वाचून घेतं, त्यामुळे अक्षर टाइप होताहोता यादी गळत जाते. पेन ड्राइव्ह किंवा जुनी एक्स्टर्नल डिस्क दुसऱ्या फॉरमॅटची असेल तर ती आपोआप यादीत येत नाही. ऑप्शन्समध्ये इंडेक्सेस, तिथे फोल्डर्स, आणि तिथे ती हाताने जोडावी लागते. ‘एव्हरीथिंगला माझी डिस्क दिसत नाही’ ही तक्रार निम्म्या वेळा इथेच मिटते.

बसवल्यावर पहिलं काम : टूल्स, ऑप्शन्स, कीबोर्ड. तिथे ‘शो विंडो हॉटकी’ला एक जोडी द्या. मी विंडोज आणि बॅकटिक दिलंय, एस्केपच्या खालचं बटण. कोरलमध्ये (कोरलड्रॉ, आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) असा, ब्राउझरमध्ये असा, ती जोडी दाबली की शोधाची खिडकी समोर. कंट्रोल-आल्टच्या जोड्या मी टाळतो. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना कंट्रोल-आल्ट म्हणजे उजवा आल्ट दाबल्यासारखंच असतं, आणि रुपयाचं चिन्ह त्याच जागी आहे.

आता शोधाची भाषा. फार थोडी आहे.

दोन शब्दांत मोकळी जागा म्हणजे ‘आणि’. उभी रेघ | म्हणजे ‘किंवा’. उद्गारचिन्ह ! म्हणजे ‘हे नको’. ‘किंवा’वाले शब्द < > या कंसांत बांधायचे, म्हणजे ते बाकीच्या शोधात सांडत नाहीत. ‘ईएक्सटी:’ लिहून पुढे एक्स्टेन्शन, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं (कोरलच्या फायलींना सीडीआर), दिलं तर त्याच प्रकारच्या फायली येतात, एकापेक्षा जास्त हवी असतील तर मधे अर्धविराम. ‘डीएम:’ लिहून पुढे वर्ष दिलं तर त्या वर्षी शेवटचा बदल झालेल्या फायली.

म्हणजे डिचोलीच्या जत्रेची हँडबिलं हवीत तर शोध असा होतो :

<बिचोलिम|दिचोली|डिचोली> <जत्रा|झात्रा|जात्रोत्सव> ईएक्सटी:सीडीआर;पीडीएफ !बॅकअप_ऑफ_

शेवटचा तुकडा कोरलवाल्यांसाठी. कोरलड्रॉ सेव्ह करताना शेजारी ‘बॅकअप ऑफ’ नावाने सुरू होणारी जुनी प्रत ठेवतो, आणि शोधात प्रत्येक कामाचं हे भूत सोबत येतं. उद्गारचिन्हाने ते हाकलायचं. (डिलीट मात्र करू नका. का ते पुढे येईल.)

एवढं रोज कोण टाइप करणार? म्हणून मॅक्रो. सर्च मेन्यूत ‘ऑर्गनाइज फिल्टर्स’ उघडा आणि ‘न्यू’ करा. नावाच्या रकान्यात काहीही लिहा, मी ‘गाव डिचोली’ असं लिहितो. सर्चच्या रकान्यात कंसातला गावाचा तुकडा. मॅक्रोच्या रकान्यात एक छोटा शब्द, रोमनमध्ये, कोलन न देता : ‘डिच’, म्हणजे डी-आय-सी-एच. ओके.

यापुढे शोधात ‘डिच:’ लिहिलं, कोलनसह, की तिन्ही स्पेलिंगं शोधली जातात. तसंच ‘जत्:’ बांधा, ‘नाट:’ बांधा, ‘लग्न:’ बांधा. मग दोन मॅक्रो शेजारी ठेवायचे : ‘डिच: जत्:’. गिऱ्हाइकाचं वाक्य संपायच्या आत फाईल समोर असते. सगळ्यात जास्त लागणाऱ्या फिल्टरला तिथेच बटणांची जोडीही देता येते. मी फक्त एकाला दिलीय, ‘सीडीआर हव्यात, बॅकअप नकोत’ या फिल्टरला. जोड्या वाढल्या की त्याच लक्षात राहत नाहीत.

एक गोष्ट आमच्याच धंद्याची. जत्रेची फाईल महिन्यावरून शोधू नका. जत्रा तिथीने येते. शिरगावची लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, ती २०२३ साली एप्रिलमध्ये आली आणि २०२४ साली मे महिन्यात, कारण मधे अधिक श्रावण येऊन गेला होता. ‘मागच्या वर्षीच्या मे महिन्यातल्या’ म्हणून शोधत बसलात तर फाईल नाहीच असं वाटेल. वर्ष आणि गाव, एवढंच धरा.

यादी आली की कंट्रोल + १ ने ती नावाप्रमाणे लागते, कंट्रोल + ३ ने आकाराप्रमाणे, कंट्रोल + ६ ने बदलाच्या तारखेप्रमाणे. चार ‘फायनल’ भावंडांतली खरी कुठली हे बहुतेक वेळा तारखेवरून कळतं. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण जुनी फाईल नुसती उघडून सवयीने कंट्रोल + एस दाबलं तरी तिची तारीख आजची होते. आकारही बघून घ्यावा.

जिथे मॅक्रोची गरजच नाही

जुन्या फायली वर्षाप्रमाणे वेगळ्या करायच्या असतील तर मॅक्रो रेकॉर्ड करायच्या आधी हे करून बघा. एव्हरीथिंगमध्ये त्या गोंधळाच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा, मधे मोकळी जागा असेल तर डबल कोटमध्ये, आणि पुढे ‘डीएम:२०१९’. कंट्रोल + ए, कंट्रोल + एक्स, २०१९च्या फोल्डरमध्ये जाऊन कंट्रोल + व्ही. झालं. पुढचं वर्ष.

इथे ‘डीएम’च वापरा, बनवल्याची तारीख नको. जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर कॉपी करताना बनवल्याची तारीख कॉपीच्या दिवसाची होऊन बसते, बदलाची तारीख मात्र बरोबर येते. डिस्क बदलल्यानंतर सगळी कामं एकाच दिवशी जन्मल्यासारखी दिसतात ती यामुळे.

हे केल्यावर वर्षं लागली, पण नावं तशीच. आता पुढच्या कामांसाठी नाव ठेवायची एक पद्धत ठरवा आणि ती मोडू नका. माझी अशी : वर्ष-महिना, मग गाव, मग काम. ‘२०२४-०५_शिरगाव_जत्रा’. वर्ष पुढे असल्यामुळे नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप कालक्रमाने लागते. ‘फायनल’ हा शब्द आमच्या दुकानात आता बंद आहे. दुसरी दुरुस्ती असेल तर शेवटी ‘_२’.

हे सगळं नीट असेल तरच पुढचा भाग कामाचा, कारण रेकॉर्ड केलेला मॅक्रो आंधळा असतो. पहिली चार अक्षरं वर्षाची आहेत असं त्याला शिकवलंत तर तो ‘बॅकअप’मधली पहिली चार अक्षरंसुद्धा वर्ष म्हणूनच उचलेल.

नोटपॅड प्लस प्लस : बटणं रेकॉर्ड करायचा मॅक्रो

डेस्कटॉपवर ‘कामं’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये वर्षभर सगळं साठतं. चवथीची गर्दी सरली की मी तिथल्या फायली डी ड्राइव्हवरच्या ‘प्रेस’ फोल्डरमध्ये, वर्षावर्षाच्या कप्प्यांत पाठवतो. दोन-तीन वर्षांची कामं मिसळलेली असतात. माऊसने ओढत बसलो तर दुपार जाते, आणि एखादी फाईल शेजारच्या फोल्डरमध्ये पडते ती पुढच्या जत्रेलाच सापडते.

युक्ती अशी की फायलींना हातच लावायचा नाही. त्यांच्या नावांची यादी घ्यायची, त्या यादीची मॅक्रोने आज्ञांची यादी बनवायची आणि ती विंडोजला चालवायला द्यायची.

आधी यादी. ‘कामं’ फोल्डर उघडा, हव्या त्या फायली निवडा आणि कंट्रोल + शिफ्ट + सी दाबा. हे विंडोज ११चं. १०मध्ये शिफ्ट धरून राइट क्लिक करा आणि ‘कॉपी अ‍ॅज पाथ’ निवडा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये नवीन पान उघडून पेस्ट करा. प्रत्येक ओळीत एक फाईल, पूर्ण पत्त्यासह, डबल कोटमध्ये. हे कोट आपल्याला हवेच आहेत. फायलींच्या नावांत मोकळ्या जागा असतात, आणि कोट नसले तर आज्ञा पहिल्याच जागेवर तुटते.

पत्त्याचा पुढचा भाग नको, फक्त नाव हवं. कंट्रोल + एच करा. वरच्या खणात पत्त्याचा तो सामाईक भाग, शेवटच्या बॅकस्लॅशपर्यंत, पण सुरुवातीचा कोट सोडून. खालचा खण रिकामा. ‘सर्च मोड’ नॉर्मल आहे ना बघा. ‘एक्स्टेंडेड’ असेल तर बॅकस्लॅशचा वेगळाच अर्थ लावला जाऊ शकतो आणि मग काहीच सापडत नाही. रिप्लेस ऑल.

मग एडिट मेन्यूत लाइन ऑपरेशन्समध्ये जाऊन ओळी चढत्या क्रमाने लावा. वर्षाने सुरू न होणारी नावं आता एका टोकाला गोळा झालेली दिसतील. ती यादीतून काढा, त्यांचं हाताने बघू. मधे रिकामी ओळ असेल तर तीही काढा. ही यादी ‘मूळ यादी’ म्हणून वेगळी सेव्ह करून ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता रेकॉर्डिंगच्या आधी दोन गोष्टी. व्ह्यू मेन्यूत ‘वर्ड रॅप’ बंद करा. ते चालू असलं की लांब ओळ पडद्यावर दोन ओळींत मोडते आणि एंड बटण ओळीच्या शेवटी न जाता मोडलेल्या तुकड्याच्या शेवटी थांबतं, म्हणजे मॅक्रो नावाच्या मधोमध मजकूर घुसवतो. दुसरं, माऊस बाजूला ठेवा. कर्सर न्यायला माऊस वापरला तर ते रेकॉर्ड होत नाही, आणि मग मॅक्रो का चुकतोय ते कळत नाही.

‘प्रेस’ फोल्डरमध्ये २०२३, २०२४, २०२५ असे लागणारे कप्पे आत्ताच बनवा. हे नंतर करू म्हणू नका. कारण सांगतो थोड्या वेळाने.

कर्सर पहिल्या ओळीच्या अगदी सुरुवातीला. मॅक्रो मेन्यू, ‘स्टार्ट रेकॉर्डिंग’. आणि मग सावकाश :

१. होम. मग उजवा बाण एकदाच, कोट ओलांडण्यासाठी.

२. शिफ्ट धरून उजवा बाण चार वेळा. ‘२०२४’ निवडलं गेलं पाहिजे. कंट्रोल + सी.

३. पुन्हा होम. आता टाइप करा : मूव्ह, एम-ओ-व्ही-ई. मोकळी जागा. मग /-वाय, म्हणजे तिरकी रेघ, वजाचं चिन्ह आणि वाय अक्षर, सलग. पुन्हा मोकळी जागा.

४. एंड. मोकळी जागा, डबल कोट, मग डी:\प्रेस\ असा पत्ता. लगेच कंट्रोल + व्ही. मग बॅकस्लॅश आणि डबल कोट.

५. खालचा बाण. होम.

मॅक्रो मेन्यू, ‘स्टॉप रेकॉर्डिंग’. रेकॉर्ड करताना पहिली ओळ तयार झालेलीच आहे, आणि ती अशी दिसायला हवी :

मूव्ह /-वाय "२०२४-०५_शिरगाव_जत्रा.सीडीआर" "डी:\प्रेस\२०२४\"

कर्सर दुसऱ्या ओळीवर उभा असेल. कंट्रोल + शिफ्ट + पी दाबा, दुसरी ओळ तयार. तिचं वर्ष २०२३ असेल तर शेवटचा कप्पाही २०२३चा झाला पाहिजे, कारण वर्ष आपण टाइप केलं नाही, त्याच ओळीतून उचललं. या मॅक्रोतली खरी गंमत ही पायरी दोन आहे. तिच्यामुळे एकच मॅक्रो सगळ्या वर्षांना पुरतो.

तीन-चार ओळी अशा एकेक करून बघा. बरोबर वाटलं की मॅक्रो मेन्यूत ‘रन अ मॅक्रो मल्टिपल टाइम्स’ आणि तिथे ‘रन अंटिल द एंड ऑफ फाईल’. यादी खालपर्यंत सरसरत जाते. चुकलं तर कंट्रोल + झेड. अजून खऱ्या फायलींना काहीही झालेलं नाही, ही या पद्धतीची सगळ्यात मोठी सोय.

मॅक्रो दरवर्षी लागणार असेल तर ‘सेव्ह करंट रेकॉर्डेड मॅक्रो’ करून नाव आणि बटणांची जोडी द्या. हे मॅक्रो ‘शॉर्टकट्स.एक्सएमएल’ नावाच्या फाईलमध्ये साठतात. विंडोज नव्याने टाकायची वेळ आली तर आधी ती फाईल पेन ड्राइव्हवर घ्या. आणि रेकॉर्ड करताना कीबोर्ड इंग्रजीवर होता पण चालवताना मराठीवर राहिला, तरी बिघडत नाही. मॅक्रो बटणांच्या जागा नाही, उमटलेली अक्षरं लक्षात ठेवतो.

चालवायच्या आधी

यादीत सगळ्यात वर एक ओळ घाला : सीएचसीपी, मोकळी जागा, ६५००१. हिच्यामुळे देवनागरी नावं विंडोजला नीट वाचता येतात. सगळ्यात खाली एकच शब्द : पॉज, पी-ए-यू-एस-ई, म्हणजे काम झाल्यावर काळी खिडकी लगेच मिटणार नाही आणि काय झालं ते वाचता येईल. एन्कोडिंग मेन्यूत साधं यूटीएफ-८ निवडा. ‘बॉम’वालं निवडलं तर पहिल्याच ओळीवर चूक येते. कुठल्या नावात टक्क्याचं चिन्ह असेल, सेलची पोस्टरं करणाऱ्यांकडे हमखास असतं, तर कंट्रोल + एच ने एका टक्क्याच्या जागी दोन टक्के करा. बॅच फाईलमध्ये, म्हणजे आज्ञांच्या अशा यादीत, एकटा टक्का गिळला जातो.

आता ‘कामं’ फोल्डरमध्येच ही फाईल ‘हलवा.बॅट’ अशा नावाने सेव्ह करा. एक्स्टेन्शन बी-ए-टी. डबल क्लिक केलं की चालते. काळ्या खिडकीत मराठी नावांच्या जागी चौकोन दिसले तरी घाबरू नका, फायली बरोबर हलतात.

आणि आता ते कारण. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी /-वाय लिहिलं नव्हतं, कप्प्याच्या नावानंतरचा बॅकस्लॅश लिहिला नव्हता, आणि ‘जत्रा’ हा कप्पा बनवायचाच राहिला होता. तीन चुका, एकेकटी असती तर चाललं असतं. झालं असं की ‘जत्रा’ नावाचं फोल्डर सापडलं नाही म्हणून विंडोजला वाटलं, मला पहिल्या फाईलचं नाव बदलून ‘जत्रा’ ठेवायचंय. ठेवलं. दुसरी फाईल आली, तिचंही नाव ‘जत्रा’ ठेवलं, पहिलीच्या डोक्यावर. हाताने आज्ञा दिली असती तर ‘वर लिहू का?’ असं विचारलं असतं, पण बॅच फाईलमध्ये ‘मूव्ह’ विचारत नाही, गुमान वर लिहितो. एक्केचाळीस जत्रांची एक जत्रा झाली, तीही एक्स्टेन्शनशिवायची.

वाचवलं ते कोरलच्या त्या भुतांनी. ‘बॅकअप ऑफ’वाल्या प्रती ‘कामं’ फोल्डरमध्येच पडून होत्या, त्यांतून निम्म्याहून जास्त कामं परत उभी राहिली. बाकीच्यांची पीडीएफ गिऱ्हाइकांना पाठवलेल्या मेलमध्ये सापडली, त्यावरून पुन्हा ओढली. म्हणून म्हटलं, ती भुतं शोधातून हाकला, डिस्कवरून नको.

शेवटचा बॅकस्लॅश असला की ‘हा फोल्डरच आहे’ असं ठरतं, आणि तो नसेल तर विंडोज चूक दाखवून पुढे जातं, फाईल जागची हलत नाही. /-वाय असलं की त्याच नावाची फाईल तिथे आधीच असताना थांबून विचारतं. विचारलं की एन दाबा. ‘ऑल’साठीचं ए घाईत दाबलंत तर /-वाय लिहिण्याचा काही उपयोग उरला नाही.

लिनक्सवाल्यांना हा सगळा द्राविडी प्राणायाम वाटेल. इमॅक्स या त्यांच्या एडिटरमध्ये फोल्डरची यादीच मजकुरासारखी संपादित करता येते, एफ-३ ने रेकॉर्डिंग सुरू, एफ-४ ने बंद, पुन्हा एफ-४ ने तेच परत. पण कोरल विंडोजवर, आणि आम्ही कोरलच्या दावणीला.

परत फिरायची वाट

‘हलवा.बॅट’ला डबल क्लिक करायच्या आधी उलटी फाईलही बनवून ठेवा. सेव्ह केलेली ‘मूळ यादी’ नव्या पानावर उघडा आणि नवीन रेकॉर्डिंग सुरू करा. वर्ष उचलण्यापर्यंत तसंच : होम, उजवा बाण, शिफ्टसह चार बाण, कंट्रोल + सी. मग होम, उजवा बाण, आणि कोटाच्या आत डी:\प्रेस\ टाइप करून कंट्रोल + व्ही आणि बॅकस्लॅश. म्हणजे नावाच्या पुढे नवा पत्ता लागला. पुन्हा होम, तिथे मूव्ह /-वाय आणि मोकळी जागा. एंड, मोकळी जागा, आणि कोटमध्ये ‘कामं’ फोल्डरचा पूर्ण पत्ता, शेवटच्या बॅकस्लॅशसह. खालचा बाण, होम, थांबवा. शेवटपर्यंत चालवा, वर सीएचसीपीची ओळ, खाली पॉज, नाव ‘परत.बॅट’.

मग पाच फालतू फायलींवर दोन्ही चालवून बघा : हलवा, परत, हलवा. पाचही प्रत्येक वेळी मोजून मिळाल्या तर खऱ्या यादीला हात घाला. गोव्यात जून ते सप्टेंबर वीज कधीही जाते, तेव्हा यूपीएस चार्ज आहे ना तेही बघा. मधेच वीज गेली तर तीच ‘हलवा.बॅट’ पुन्हा चालवली तरी चालते. आधी हललेल्या फायलींपुढे ‘फाईल सापडली नाही’ असं येतं आणि उरलेल्या हलतात. फक्त ज्या फाईलवर वीज गेली तिचा आकार दोन्हीकडे तपासा.